तोरूचा दाब

४ सप्टेंबर

तोरूला आज आंघोळ घातली. म्हणजे गाडीला. तांबूस घोड्याला आमच्याकडे तोरू म्हणतात, आणि ही गाडी दारात आली तेव्हा उस्ता तिच्याभोवती फिरून म्हणाला, ही तर तोरूच. तेच नाव पडलं. आज तिच्या मागच्या काचेवर कागद चिकटवला — विकणे आहे. अक्षर माझं, कारण उस्ताचं अक्षर उस्तालाच लागत नाही. चिकटवताना डिंक मी जरा हात राखूनच लावला. संध्याकाळी वाऱ्याने कागद पडला. उस्ताने उचलला, चिकटपट्टी लावली.

(नवऱ्याचं नाव मी घेत नाही. आजवर घेतलेलं नाही, आता वहीत कशाला घेऊ? गाव त्याला उस्ता म्हणतं — गाड्या दुरुस्त करणारा उस्ता — मीही उस्ताच म्हणते. फार राग आला तर म्हातारा.)

सगळं बिनसलं ते जूनमध्ये. नातू चालायला लागला म्हणून त्याच्या पायातला दोरा कापायचं जेवण होतं, शहरात. मुलगा मेदेर सगळ्या पाहुण्यांसमोर उभा राहिला. म्हणे, आईबाबांनी आता आमच्याकडेच राहायला यावं, हिवाळ्याच्या आत, खोली तयार आहे. खोली नवव्या मजल्यावर! सगळ्यांनी उस्ताकडे बघितलं. उस्ताने माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडात मटणाचा भला मोठा तुकडा होता, म्हणून मी नुसती हसले. झालं! त्याने ओंजळ उघडली आणि आशीर्वाद देऊन मोकळा — "आमची तोरू चांगल्या हातात पडली की आम्ही येऊ. ओमिन." सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. मीही फिरवला, तेलकट हात. ओंजळ उघडून दिलेला शब्द आमच्यात परत घेता येत नाही.

मला जायचं नाही. इथे लिहून टाकते, दुसरीकडे बोलायची सोय नाही. तिथे गाय नाही, जर्दाळूची झाडं नाहीत, खिडकीतून तळं दिसत नाही. लिफ्टमध्ये मी वर जाते आणि पोट खालीच राहतं.

पण म्हाताऱ्याला जायचंय. गुडघे कुरकुरतात, तिथे डॉक्टर आहेत, नातू आहे. जन्मभर गाड्यांखाली आडवा झाला, आता पलंगावर आडवा होऊ दे, असं मी मनाला समजावते. मन ऐकल्यासारखं करतं आणि पुन्हा तिथेच येतं.

७ सप्टेंबर

सूनबाईने शाल पाठवली. पांढरी शुभ्र, मऊ. शहरात घालायला! इथे घातली तर गाय मला गोठ्यात घेणार नाही. ट्रंकेवर घडी करून ठेवली आहे.

१० सप्टेंबर

आज पहिलं गिऱ्हाईक. जुमाश, पलीकडच्या गावचा मेंढ्यांचा व्यापारी. आल्या आल्या टायरला लाथ मारली. मग बॉनेट उघडायला लावून ऑइलच्या कांडीला बोट लावलं, वास घेतला आणि बोट माझ्या दाराच्या चौकटीला पुसलं. असा माणूस.

चहा झाला, कणकेचे बोरसोक तळले होते, साय होती. सगळं चेपून झाल्यावर उस्ता उठला. "चल, दाब बघू."

ही त्याची रीत. त्याच्या हातून विकली जाणारी गाडी, आपली असो की परक्याची, तिचं कॉम्प्रेशन तो घेणाऱ्याच्या डोळ्यांदेखत मोजतो. घोडा घेताना तोंड उघडून दात बघतात, तसंच. पिस्टन आत हवा किती दाबून धरतो ते कळलं की इंजिनाचं खरं वय कळतं. गेजवर आला तो आकडा, त्यात घासाघीस नाही. "उस्ताने मोजलंय" म्हटलं की तळ्याच्या या काठाला कोणी पुढे विचारत नाही.

यात माझं काम एवढंच. उस्ता चक्कर मारून इंजिन गरम करून आणतो, चारही प्लग काढतो, एकेका भोकात गेज पिळून बसवतो. मी ड्रायव्हरच्या जागेवर. "दाब" म्हणाला की एक्सिलेटर तळापर्यंत. "मार" म्हणाला की सेल्फ. एक्सिलेटर दाबला नाही तर आत हवाच जात नाही, मग पिस्टन दाबणार काय, कपाळ! हे मी नवी नवरी असताना शिव्या खाऊन शिकले आहे.

आज बॉनेटमागून आवाज आला, "दाब."

मी पाय ठेवला. दाबला नाही.

शप्पथ सांगते, आधी काही ठरवलं नव्हतं. पायानेच ठरवलं.

"मार."

मारला. घर्रर्र, घर्रर्र. मग उस्ताचा आवाज — "आठ?" दुसरा सिलिंडर, आठ. तिसरा, साडेसात. चौथा, पुन्हा आठ. बारा यायला हवेत! गेल्याच वर्षी त्याने स्वतःच्या हाताने नव्या रिंगा बसवल्यात.

बॉनेटच्या कडेने उस्ताचं डोकं बाहेर आलं. "पूर्ण दाबलायस ना?"

"नाहीतर काय, झोपलेय इथे?"

असं त्याने मला कधी विचारलं नव्हतं. माझे कान गरम झाले. पण पाय तिथेच.

जुमाश हसायला लागला. "उस्ता, लोक मेंढी विकताना शेपटीची चरबी दाखवतात. तू मला बरगड्या मोजून दाखवतोयस."

"आहे ते आहे," उस्ता म्हणाला. "अशी गाडी मी विकत नाही. जा तू."

जुमाश गेला. जाताना उरलेले बोरसोक खिशात घालून गेला.

११ सप्टेंबर

झोप छान लागली. लाज वाटून लागायला नको होती. सकाळी दूध काढताना गायीला सगळं सांगितलं. तिने माझ्या तोंडावर शेपूट मारली.

१३ सप्टेंबर

माझा मुरंब्याचा चमचा गेला!

उस्ता तो घेऊन अंगणात. सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकायचं आणि पुन्हा मोजायचं. आकडा वर चढला तर रिंगा झिजल्यात, नाही चढला तर दुखणं दुसरीकडे. पुन्हा मला बसवलं. पुन्हा मी पाय नुसता टेकवला. काटा जरासा हलला, बस्स.

उस्ता पायरीवर बसला, चमचा हातात. "रिंगा नाहीत. व्हॉल्व्ह म्हणावं तर चारही एकदम कसे जातील? माणसाचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय एकाच दिवशी दुखायला लागतात का गं?"

"म्हातारपणी लागतात," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं. मी चमच्याकडे बघितलं. दुपारी लगमान केलं होतं, हातच्या शेवयांचं, त्याच्या आवडीचं, भरपूर लसूण घालून. वाटी तशीच्या तशी परत आली. तेव्हा मात्र आत काहीतरी टोचलं.

१५ सप्टेंबर

बुबुशकडे — शेजारीण — दूध देऊन परत येत होते तर अंगणातून सेल्फचा आवाज. घर्रर्र. आत येते तो उस्ता एकटाच, पाठमोरा, गेज खिशात घालतोय.

"काय करताय?"

"बॅटरी बघत होतो."

गाडीत डोकावले तर पायाशी माझ्या चुलीजवळची वीट. म्हटलं, ही इथे कशी? म्हणाला, चाकाला लावायला, गाडी उतारावर घसरू नये. आमचं अंगण ताटासारखं सपाट आहे. म्हाताऱ्याचे गुडघे जाता जाता डोकंही जायला लागलं की काय, अशी भीती वाटली.

पण जेवला मात्र पोटभर. मटण-बटाटे दोनदा मागून घेतले, आणि जेवल्यावर शीळ घातली. बरं झालं, विसरला असेल.

१८ सप्टेंबर

दुसरं गिऱ्हाईक. राखात, टॅक्सीवाला. तरणाबांड, तोंडात सूर्यफुलाच्या बिया, सालं माझ्या अंगणात. गाडी एका हाताने चालवत आला, दुसरा हात खिडकीबाहेर सुकत घातल्यासारखा.

पुन्हा तोच खेळ. उस्ता बॉनेटमागून ओरडला, "दाब गं, नीट दाब. अगदी तळापर्यंत."

मी पाय टेकवला, आणि चेहरा असा केला की जणू बर्फात रुतलेला ट्रक ढकलतेय. आठ, आठ, साडेसात, आठ.

मला वाटलं सुटले. पण हा राखात! सालं थुंकून म्हणतो, "चालेल काका. इंजिन खोलून घेईन मी. आजच नेतो."

नेतो म्हणजे? हे तर माझ्या हिशेबातच नव्हतं. पाय न दाबता जेवढं करता येतं तेवढं मी केलं होतं, आता पुढे काय करू? गाडीखाली आडवी होऊ?

उस्ता कापडाला हात पुसत होता. पुसून झाले तरी पुसत होता. मग म्हणाला, "आजारी जनावर मी दावणीतून सोडत नाही."

"अहो काका, मी घेणारा म्हणतोय ना चालेल म्हणून."

"मी ओंजळ उघडून सांगितलंय, चांगल्या हातात देईन. तुझा एक हात स्टिअरिंगवर असतो, दुसरा वाऱ्यावर. कुठल्या हातात देऊ?"

राखात गेला तो रागाने टायर घासत. असा खरा नवरा माझ्या वाट्याला आला, आणि मी त्याला अंगणात बसून फसवतेय. संध्याकाळी त्याच्या चहात जर्दाळूचा मुरंबा दोन चमचे घातला. दुसऱ्या चमच्याने.

२१ सप्टेंबर

बुबुश आली होती. दोन पेले चहा होईपर्यंत हवापाण्याचं बोलली, मग हळूच, "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका, पण बाजारात बोलतात की उस्ताचा हात गेला. स्वतःच बसवलेल्या रिंगा, आणि वर्षाच्या आत चारही सिलिंडर बसले म्हणे."

"कोण बोलतं?"

"जुमाश बोलतो. तो टॅक्सीवाला बोलतो. दूधवाल्याच्या ट्रकचं इंजिन इकडे यायचं होतं ना? ते काराकोलच्या गॅरेजात नेलं."

तिला म्हटलं, तुझं वासरू आधी सांभाळ, गेल्या महिन्यात माझा टॉवेल खाल्लाय त्याने. ती उठून गेली. मी भांडी घासायला बसले आणि रडले. गाव काय बोलतं ते उस्ताला माहीत नसेल असं होणार नाही. सकाळी बाजारात जाऊन आला होता तो. टोपी काढून पायरीवर बसला होता, काहीच न करता. मी घराला चिकटून बसले आणि त्याचं नाव घालवलं.

२३ सप्टेंबर

मेदेरचा फोन. "आई, चारही सारखेच पडले? सारखेच कसे पडतील? पॅडल कोण दाबत होतं?"

पोरगं लहानपणी त्याच अंगणात नटबोल्ट घेऊन खेळायचं, हे मी विसरलेच होते.

"मीच. दुसरं कोण आहे इथे?"

मेदेर म्हणाला, "रविवारी येतो मी. येताना माझ्या ओळखीचा एक घेणारा आणतो. चांगला माणूस आहे, बागवाला. बाबांना पसंत पडेल."

२४ सप्टेंबर

ठरलं. रविवारी मी पाय तळापर्यंत दाबणार. बारा येऊ देत. बागवाला तोरू घेऊन जाऊ दे. गावाला कळू दे की उस्ताचा हात होता तसाच आहे. नवव्या मजल्यावर राहीन. माणसं राहतात की. खिडकीत कुंडी ठेवीन.

गाय बुबुशला देणार नाही मात्र. त्या वासराच्या शेजारी तर नाहीच.

२७ सप्टेंबर, रविवार

सगळं सांगते, क्रमाने सांगायचा प्रयत्न करते.

मेदेर येणार म्हणून सूनबाईची शाल अंगावर घ्यायची ठरवली. म्हटलं, जायचंच आहे तर तोंड पाडून कशाला. ट्रंकेवर शाल नाही! पलंगाखाली नाही, रजयांच्या घडीत नाही. उस्ताला विचारलं. दाढी करत होता, आरशातूनच म्हणाला, "सकाळी वासरू आलं होतं अंगणात. तोंडात काहीतरी पांढरं होतं बहुतेक."

मी तशीच कुंपणाशी गेले आणि बुबुशला हवं ते बोलले. तिनेही हवं ते बोलून घेतलं. वासरू मधे उभं राहून रवंथ करत होतं, म्हणजे माझी खात्रीच पटली.

मेदेर आला. सोबत बागवाला, एसेन त्याचं नाव. पन्नाशीचा, हळू बोलणारा. टायरला लाथ मारली नाही. भाकरीचा पहिला तुकडा कपाळाला लावून खाल्ला. गाडीच्या टपावर असा हात ठेवला की माझ्या मनात आलं, गेली तोरू. यापेक्षा चांगला हात कुठून आणणार?

आम्ही भातावर होतो तेव्हा उस्ता एकटाच उठला. गाडी गरम करून आणतो म्हणाला, तुम्ही खा निवांत. चक्कर मारून आला, बॉनेट उघडलं, खाटखूट केलं, प्लग काढून ठेवले, मग हाक मारली. मी बाह्या सरसावून निघाले. पाय आज शहाणा होता, तयार होता.

तर मेदेर दारात आडवा. "आई, तू बस. आज मी दाबतो."

माझ्याकडे असं बघितलं त्याने! लहानपणी साय चोरताना मी त्याला जसं बघायचे, अगदी तसं. कळलं होतं त्याला. आता तो दाबणार, बारा येणार, आणि मग सगळे माझ्याकडे वळून बघणार. एसेनसमोर. उस्तासमोर. पळून गोठ्यात जावं असं वाटलं.

"दाब," उस्ता म्हणाला.

मेदेरने दाबला. मी गाडीच्या खिडकीतून वाकून बघत होते, पॅडल जमिनीला टेकलेलं.

"मार."

घर्रर्र.

उस्ता गेज डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिला. मग एसेनला दाखवलं. एसेन हळूच म्हणाला, "सात."

दुसरा, सात. तिसरा, सात. चौथा, साडेसहा.

मेदेर खाली उतरला, स्वतः गेज बघितलं, पुन्हा बसून पुन्हा दाबलं, पुन्हा मारलं. सात! माझ्या पायाने आठ यायचे, त्याच्या पायाने सात! म्हणजे तोरू खरंच गेली? मी खोटं खोटं आजारी पाडता पाडता ती खरीच आजारी पडली? मी मनात काय काय कबूल केलं ते लिहीत नाही.

"बाबा, हे इंजिन संपलं," मेदेर म्हणाला. आवाज अगदी उतरलेला. मग माझ्याजवळ येऊन, "आई, माफ कर. मला वाटलं होतं…"

"काय वाटलं होतं?" मी विचारलं. तेवढी हिंमत कुठून आली कोण जाणे.

"काही नाही."

उस्ताने बॉनेट बंद केलं. "आता खोलावं लागणार. या गुडघ्यांनी हिवाळ्यात काही होत नाही. वसंतात बघू." मग एसेनकडे वळून, "माझा हातच गेला बघ. गाव म्हणतं ते खरं आहे." असं, परक्या माणसासमोर, मुलासमोर! मला बघवेना. मी आत जाऊन त्यांच्यासाठी सफरचंदं भरायला लागले.

मेदेर जाताना म्हणाला, शब्द शब्दच आहे, गाडी चांगल्या हातात पडेपर्यंत तुम्ही इथेच. त्यांची गाडी गेली. मी घरातच राहणार होते, आणि मला काडीचा आनंद झाला नाही.

२८ सप्टेंबर

उस्ता झोपला होता दुपारचा. मी एअर फिल्टरचा डबा उघडला. एवढं तर मलाही कळतं, हवा शिरते कुठून ते. हवेच्या नळीत माझी पांढरी शाल, बोळा करून गच्च कोंबलेली, काळीठिक्कर. किती वेळ तिथे उभी राहिले. आणि मग ती वीट आठवली. पॅडलवर वीट ठेवून त्याने एकट्याने मोजलं होतं त्या दिवशी, आणि बारा आले असणार! म्हणजे त्या दिवसापासून त्याला माहीत होतं. माहीत असून हात गेला म्हणू दिलं साऱ्या गावाला, स्वतःही म्हणाला. मला वाटत होतं त्याला जायचंय.

शाल धुतली. अंगणात दोरीवर वाळत घातली, बरोबर त्याच्या पायरीसमोर. उठला, चहा घेऊन पायरीवर बसला, शालीकडे बघत एक घोट घेतला.

"वासराने परत आणून दिली वाटतं."

"हो," मी म्हटलं. "बुबुशची माफी मागावी लागणार."

आणखी एक घोट. मग, पेल्यातच बघत, "आणि तुझ्या उजव्या पायाला कसं आहे आता?"

मी म्हटलं, वसंतापर्यंत काही सांगता येत नाही.